खाकी कव्हराखालचं पत्र

आमच्या अण्णाला कुंभकोणमात दोन नावांनी ओळखतात. तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीतले लोक त्याला घडी राव म्हणतात, कारण चाळीस वर्षं त्याने गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडल्या आणि गिऱ्हाईक नाक मुरडून उठून गेलं तरी कपाळावर आठी न आणता पुन्हा जशाच्या तशा घडीत बसवल्या. जुनी पुस्तकं विकणारे मात्र त्याला कुदिरै राव म्हणतात. कुदिरै म्हणजे घोडा. तो किस्सा पुढे येईलच. खरं नाव कृष्णमूर्ती राव, वय एकोणसाठ, गेल्या वर्षी नोकरीतून मोकळा झाला. मी त्याची धाकटी बहीण अंबुजा. मुलींच्या शाळेत गणित शिकवते, आणि माझं तोंड फटकळ आहे असं त्या मुलींचं म्हणणं आहे.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पूर्वज राजांबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात बोलतो ती मराठी पुण्याच्या पाहुण्यांना पोथीतली वाटते. त्यांना हसू येतं, मला राग येतो. म्हणून हे लिहिताना मी शिकलेली पुस्तकी मराठी वापरते आहे. अण्णाचं बोलणं तेवढं त्याच्या शब्दांत ठेवलं आहे.

आता घोड्याचं. आमच्या लहानपणी शिवकाशीच्या एका छापखान्यातून 'नीलक्कुदिरै' नावाचं चित्रकथांचं मासिक निघायचं. नीलक्कुदिरै म्हणजे निळा घोडा. अकरा वर्षं चाललं आणि एकशे बत्तीस अंकांनंतर बंद पडलं. आत काळी-पांढरी चित्रं असत, पण मुखपृष्ठ रंगीत असे आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात 'रंगा' एवढीच सही. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी, त्यामुळे अण्णा तमिळ वाचायला खरा शिकला तो या घोड्यावरूनच. सारे एकशे बत्तीस अंक त्याच्यापाशी आहेत. रद्दीवाल्यांकडे, सलूनच्या बाकाखाली, पट्टीश्वरमच्या एका फुलवाल्याकडे, कुठे कुठे जाऊन त्याने ते मिळवले. वहिनी म्हणते, मला बघायलासुद्धा हा इतक्या वेळा आला नव्हता.

आमचे वडील मुकुंदराव सोसायटीत साड्यांचे काठ आखायचे. चौकटी-चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून मोर काढायचे. माणूस कलावंत, पण चित्रकथा म्हणजे पोरं बिघडवायची साधनं, हे त्यांचं ठाम मत. त्यावर अण्णाने तोड काढली. अंक घरी आला की शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं खाकी कागदाचं कव्हर घालायचं आणि वर सुवाच्य अक्षरात 'भूगोल' लिहायचं. आमच्या घरात एके काळी भूगोलाची एकतीस पुस्तकं होती. वडिलांना कधी संशय आला नाही, कारण भूगोल त्यांनाही आवडत नसे.

याच कव्हरांमुळे निळा घोडा सरस्वतीपुढे जाऊन बसला. आमच्याकडे नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वती बसवतात. घरातली सगळी पुस्तकं पाटावर रचायची, वर रेशमी वस्त्र घालायचं, प्रत्येकाला हळद-कुंकू आणि चंदनाचं बोट लावायचं. मग दसऱ्याला ती उठवेपर्यंत घरात कुणी काही वाचायचं नाही, लिहायचं नाही. अगदी वाण्याची चिठ्ठीसुद्धा नाही. हे वडील फार कडकपणे पाळायचे. आईने वर्षानुवर्षं त्या भूगोलांना कुंकू लावलं. आई गेल्यावर अण्णाने ती कव्हरं कधी काढली नाहीत, कारण त्यांवर तिची बोटं होती. चित्रासाठी जमवलेले अंक आणि चित्र कायमचं खाकी कागदाखाली! मी त्याला यावरून पुष्कळ चिडवलं आहे. आता चिडवत नाही.

अण्णा सतरा वर्षांचा होता तेव्हा त्याने त्या सहीवाल्या चित्रकाराला, रंगांना, बारा चित्रं पाठवली. वडिलांनी टाकून दिलेल्या चौकटींच्या कागदांच्या पाठीमागे काढलेली. घोडे, स्वार, दऱ्या, पाठमोरी माणसं. मी नऊ वर्षांची होते आणि पाकिटाला डिंक लावायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून हे गुपित मला ठाऊक होतं. मला चित्रकार व्हायचं आहे, तुमच्या हाताखाली घ्याल का, असं त्याने लिहिलं होतं. मग तो वाट पाहू लागला.

नवरात्र आलं. सरस्वती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन आला. अण्णा केळीची पानं आणायला गेला होता, आई आत होती. पत्र मी घेतलं. निळं इनलँड होतं, मागे शिवकाशीचा पत्ता आणि खाली ती सही. मला तेव्हा जे वाटलं ते आज जसंच्या तसं आठवतं. आता वाचायचं नाही, वाचलं तर देवी रागावेल. शिवाय हे पत्र म्हणजेही अक्षरच, तेव्हा तेही पूजेतच बसायला हवं. मी रेशमी वस्त्र उचललं, सर्वांत वरच्या भूगोलाचं खाकी कव्हर किंचित सैल केलं आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र आत सरकवलं. किती शहाणी मुलगी मी, असंही मला वाटलं. दसऱ्याला अण्णाला द्यायचं आणि त्याचा चेहरा बघायचा, असं ठरवलं होतं.

त्याच संध्याकाळी मला ताप भरला. गोवर निघाला, पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत होते. उठले तेव्हा पूजा उठली होती, पुस्तकं आपापल्या जागी गेली होती आणि पत्र माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

पण ही अर्धीच गोष्ट झाली, आणि एवढीच सांगितली तर मी फार गरीब बिचारी दिसेन. मार्गशीर्षात एका सकाळी दारात रांगोळी काढताना मला ते एकदम आठवलं. धावत जाऊन मी शोधलं. एकतीस सारखे खाकी भूगोल, त्यांतले सात-आठ चाचपले तोवर वडिलांची चाहूल लागली. मी भ्याले. आता सांगितलं तर वडिलांना चित्रकथांचंही कळेल, चित्रांचंही कळेल, आणि अण्णा माझ्याशी कधी बोलणार नाही. उद्या शोधू म्हटलं. उद्या शोधलं नाही. अण्णा रोज दहा वाजता दारात उभा राहून पोस्टमनला विचारायचा. पुढे विचारायचा नाही, नुसता उभा राहायचा. पोंगल झाल्यावर एक दिवस त्याने रंगांची पेटी आणि सगळ्या पेन्सिली मला आणून दिल्या. मी त्या घेतल्या.

पुढल्या वर्षी तो सोसायटीत चिकटला. वडिलांनी आखणीच्या खात्यात घ्यायचं म्हटलं तर नको म्हणाला, साड्यांच्या काउंटरवर बसला. काठातला चुकलेला एक धागा त्याला दहा हातांवरून दिसायचा, पण हातात पेन्सिल घेतलेली मी पुन्हा पाहिली नाही. त्याच्या मुलीने, हरिणीने, लहानपणी हत्ती काढून दे म्हणून हट्ट धरला तेव्हासुद्धा तो म्हणाला की मला येत नाही. मी तिथेच बसले होते.

गेल्या वर्षी हरिणीचा चेन्नईहून फोन आला. तमिळ चित्रकथांच्या वाचकांचं दर वर्षी एक संमेलन भरतं, त्या वर्षी ते कुंभकोणमात होणार होतं. कारण चित्रकार रंगा ऐंशी वर्षांचे झाले होते. सहस्रचंद्रदर्शनासाठी ते तिरुक्कडैयूरच्या देवळात येणार होते आणि परतताना एक दिवस इथे थांबायला कबूल झाले होते. हरिणीने अण्णाचं नाव परस्पर नोंदवून टाकलं होतं. आयोजकांनी तर कळवलं की एकशे बत्तीसच्या एकशे बत्तीस अंक असलेला तुमच्याशिवाय दुसरा कुणी आम्हाला माहीत नाही, ते सगळे मांडून ठेवा, मुखपृष्ठं दिसतील असे.

मुखपृष्ठं दिसायची तर कव्हरं काढायला हवी होती. अण्णा कात्री घेऊन बसला आणि उठला. मला म्हणाला, तूं काढ, मी मागें जाऊन बसतों. मी एकेक कव्हर सोडवत गेले. कुंकवाचे डाग असलेला प्रत्येक कागद वेगळा ठेवत गेले. खालून निघणारी चित्रं इतकी ताजी होती की कालच छापली असं वाटावं. एकोणसत्तराव्या अंकाचं कव्हर सोडवलं आणि आतून निळं इनलँड पत्र माझ्या मांडीवर पडलं.

डिंक तसाच होता. ते कुणीच उघडलेलं नव्हतं.

मी ते पर्समध्ये टाकलं. मागच्या अंगणातून अण्णाने विचारलं की काढून होतंय ना, आणि मी होतंय म्हटलं. संमेलनाला चार दिवस होते. ते चार दिवस मी कशी होते ते सांगते. वर्गात फळ्यावर साध्या बेरजा चुकले. पत्र उघडायचा धीर नव्हता, द्यायचा त्याहून नव्हता. आणि मी देवापुढे उभी राहून एकच मागत होते, त्या पत्रात नकार असू दे. चित्रं बरी नाहीत, अभ्यास कर, असं काहीतरी असू दे. तसं असेल तर माझ्याकडून काहीच मोडलेलं नाही. सख्ख्या भावाचं अपयश मी देवाकडे मागितलं, आणि तेही मनापासून.

संमेलन एका मंगल कार्यालयात होतं. दारात केळीचे खुंट, आत लांब लांब टेबलांवर पुस्तकं आणि लग्नाला यावेत तसे ठिकठिकाणहून आलेले लोक, बरेचसे अण्णाच्याच वयाचे. पोटं सुटलेले, चष्मे लावलेले बाप्ये एकमेकांना अंकांचे आकडे सांगत होते आणि शाळकरी मुलांसारखे भांडत होते. अण्णाच्या टेबलाभोवती गर्दी झाली. एवढी कोरी मुखपृष्ठं कशी राहिली, कुठलं औषध लावता, असं एका कोइंबतूरच्या डॉक्टरांनी विचारलं. अण्णा म्हणाला, औषध नाही, भूगोल. सगळे हसले, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला. पर्स मी काखेत घट्ट धरली होती.

रंगांना नवरा-नवरीच्या मखमली खुर्चीवर बसवलं होतं. बारीक अंगाचे, पांढरी वेष्टी नेसलेले, कानांत यंत्र. प्रत्येकाला दोन अंकांवर सही मिळणार होती. रांग तासभर चालली. अण्णाने पहिला आणि शेवटचा अंक घेतला होता. मी त्याला विचारलं, लहानपणी चित्रं पाठवली होतीस ते सांगणार का? तो म्हणाला, अशीं उदंड पोरें पाठवत असतील, त्यांना कशास लाजवायचें. म्हणजे उत्तर न दिल्याबद्दल रंगांना लाज वाटू नये, याची काळजी त्याला पडली होती.

आमची पाळी आली. अण्णाने वाकून पाय शिवले आणि अंक पुढे केले. रंगांनी नाव विचारलं. इथून पुढचं बोलणं तमिळमध्ये झालं.

"कृष्णमूर्ती राव, ऐया. इथलाच, कुंभकोणमचा."

रंगांचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा वर करून अण्णाकडे पाहिलं आणि विचारलं की तुमच्याकडे कुणी विणकरांच्या चौकटींचा कागद वापरतं का. वडील वापरायचे, असं अण्णा म्हणाला. म्हाताऱ्याने पेन खाली ठेवलं. मग हळूहळू, आठवून आठवून सांगू लागला. त्या कागदाच्या मागे काढलेली बारा चित्रं एकदा आपल्याकडे आली होती. असा हात आपल्याला तोवर दुसऱ्या कुणाचा दिसला नव्हता. त्या पोराला आपण स्वतः लिहिलं होतं, दिवाळी झाली की ये, राहायचं-जेवायचं मी बघतो. दोन महिने त्याच्यासाठी टेबल रिकामं ठेवलं होतं.

"आला नाहीस," रंगा म्हणाले. "रावांचा मुलगा, चित्रं सोडून बँकेत लागला असेल, असं मी धरलं. त्यानंतर मी कुणालाच तसं पत्र लिहिलं नाही."

अण्णाचा चेहरा मी पाहिला. तो इतका गोंधळला होता की हसत होता. पत्र आलं नाही ऐया, कधीच आलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, खोटं पकडलं गेल्यासारखा. मागे रांगेत कुणीतरी घाई करत होतं. नऊ वर्षांची असताना जी वेळ मी उद्यावर टाकली होती, ती आता त्या मखमली खुर्चीपुढे येऊन उभी होती. मी पर्स उघडली आणि पत्र दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवलं.

मी सगळं सांगितलं. मूळ नक्षत्र, रेशमी वस्त्र, ताप. मार्गशीर्षातली सकाळही सांगितली, कारण ती गाळली असती तर पुन्हा तेच केल्यासारखं झालं असतं. रंगांनी पत्र उचललं, उलटून आपली सही पाहिली, चिकटलेली कड अंगठ्याने चाचपली.

"म्हणजे सरस्वतीपुढे होतं," ते म्हणाले. "दर वर्षी?"

मी मान हलवली. तो अंक एकेचाळीस वर्षं दर नवरात्रात पूजेला बसत होता.

"पूजा झाली म्हणायची," ते म्हणाले. "वाचायचं तेवढं राहिलं."

ते रागाने बोलले नाहीत, म्हणून मला ते अजून टोचतं. त्यांनी पत्र अण्णाच्या हातात दिलं आणि दोन्ही अंकांवर सह्या केल्या.  अण्णाने पुन्हा नमस्कार केला आणि आम्ही बाजूला झालो. मागच्या माणसाने आपले अंक पुढे केले.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही बाहेर पडलो. अंकांची खोकी हरिणी गाडीतून नेणार होती. अण्णा घराकडे न वळता महामहम तळ्याकडे चालू लागला, मी मागून. पायऱ्यांवर सावली होती तिथे तो बसला. खिशातून किल्ली काढून त्याने पत्राची कड सोडवली. फार सावकाश, कागद फाटू नये म्हणून. मग वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला दाखवलं नाही आणि मीही मागितलं नाही. तो ओरडेल, निदान तोंड फिरवेल, म्हणून मी वाट बघत होते. मी तयारी केली होती. एकेचाळीस वर्षं तयारीच करत होते म्हणा ना.

"अंबू," तो म्हणाला, "आजवर माझीं चित्रें वाईट होतीं. त्यांना आवडलीं नाहीत, म्हणून उत्तर आलें नाही. माझें मी समजून घेतलों होतों. सुखानें होतों. आतां चांगलीं होतीं म्हणतात. आतां हें घेऊन मी काय करूं, तूंच सांग."

माझ्याने राहवलं नाही. मी रडत त्याचा हात धरला. माझ्यामुळे तुझा जन्म फुकट गेला, मला काहीही बोल, मार हवं तर, असं काय काय बोलून गेले.  पत्र त्याने गुडघ्यावर ठेवलं होतं.

"तूं नऊ वर्षांची होतीस," तो म्हणाला. "तुला काय कळणार. मी सतरांचा होतों. दुसरें पत्र लिहूं नको म्हणून मला कोणी सांगितलें होतें? पंधरा पैशांचें कार्ड होतें, अंबू."

मी म्हटलं, तसं नाही, तू वाट पाहत होतास, चूक माझीच आहे. त्याने मान हलवली आणि तीच गोष्ट पुन्हा सांगितली, पंधरा पैशांची, जणू काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला भाव समजावून सांगावा. मग उठून चालू लागला.

त्या दिवसापासून तो स्वतःवर रागावलेला आहे, माझ्यावर नाही. सकाळी उठतो, पेपर वाचतो, वहिनीला भाजी आणून देतो आणि मधेच कुठेतरी बघत बसतो. मी रोज संध्याकाळी जाते. मला जो राग हवा होता, माझ्या हक्काचा होता, तोही त्याने माझ्या वाट्याला येऊ दिला नाही.